निंबखेड धाकटे हे गाव 'सुखी' या सदरातून काढण्याबाबत

प्रति,
मेहेरबान साहेब,
मदतकामे दप्तर,
कॅम्प अमरावती.

अर्जदार: वामन केशव, वय वर्षे अडुसष्ट, पंतोजी, गावठी शाळा, मौजे निंबखेड धाकटे, वलगावपासून तीन कोस.

विषय: गावाची नोंद दुरुस्त करून निंबखेड ते वलगाव रस्त्याचे काम येत्या पाडव्याच्या आत गावकऱ्यांस मिळण्याविषयी.

संदर्भ: आपल्या दप्तराचे पत्र, जावक नंबर २१७, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १७८७. त्यास अर्जदाराने उत्तर दिलेले नाही.

महोदय,

१. वरील पत्र घेऊन आलेला शिपाई घाईत होता. तो ओट्यावर टेकलाही नाही. पत्र लांब नव्हते. त्यात लिहिले होते की, कार्तिकात पाहणी कारकुनांनी निंबखेड पाहिले व गाव सुखी असल्याचे कळवले. तथापि कापसाचा बाजार पाहता दप्तरास शंका येते. आपण गावातले लिहिणारे-वाचणारे गृहस्थ आहात, तरी गाव खरोखर सुखी आहे किंवा कसे, हे एक महिन्याच्या आत कळवावे. उत्तर न आल्यास पाहणी बरोबर आहे असे समजले जाईल. ते पत्र अर्जदाराने पोथीच्या फडक्यात बांधून ठेवले. त्यास आता पंधरा महिने होत आले.

२. पाहणी कारकुनांनी खोटे लिहिले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. जे पाहिले ते मात्र गावाने त्यांच्यासाठी मांडून ठेवले होते, आणि मांडणाऱ्यांत अर्जदारही होता. म्हणून ती हकीकत आधी सांगणे भाग आहे.

अमेरिकेत लढाई चालू होती तोवर आमच्या कापसाला सोन्याचा भाव होता. त्या तीन वर्षांत निंबखेडच्या नत्थुजीने आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. सरकारी मोजणीदार आले व गावापासून वलगावपर्यंत रस्त्यासाठी खुंट्या ठोकून गेले. नाल्यावर दगडी फरशी घालायचेही ठरले, कारण कापसाच्या गाड्या नाल्यात रुतत. मग लढाई मिटली. एका हंगामात भाव इतका पडला की वेचणीची मजुरीही निघेना, तेव्हा कापूस झाडावरच राहिला. रस्ताही राहिला. कापूस नाही तर रस्ता कशाला, असे वरून लिहून आले. खुंट्या अजून आहेत. लोक त्यांना शेळ्या बांधतात.

अशा दिवसांत सरकारचा माणूस पाहणीला येणार अशी वर्दी आली. साहेबांस वाटेल की गाव हरखले असेल. आता खरी अडचण सांगता येईल. तसे झाले नाही. खुशालराव पाटलांनी चावडीवर माणसे जमवली आणि एवढेच म्हणाले, "सरकारी मानूस गावातून उपाशी गेला त आपलं नाक राहीन काय? तंगी आपल्या घरची हाय, पाव्हण्याच्या ताटात काहून वाढाची?" वऱ्हाडात पाहुण्यापुढे रिकामी कणगी उघडून दाखवणे म्हणजे उघडे होण्यासारखे आहे. ही रीत चांगली की वाईट हे अर्जदारास आजही ठरवता येत नाही.

मग घराघरांतून जे होते ते पुढे आले. भिंती सारवल्या गेल्या. गहू तीन घरचा, गूळ दुसऱ्या दोन घरचा. तूप गावात एकाच घरी होते, मनकर्णाबाईकडे. ही विधवा बाई पूर्वी रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या चरकावर, कापसातली सरकी काढून पोट भरत असे. हातचा कापूस संपला तसा रेचाही थांबला होता. तिची सून शकुन बाळंतपणाला टेकली होती व तूप तिच्यासाठी होते. लोटी देताना मनकर्णाबाई म्हणाली, "सुनेले काय, तेलावर बी बाळंतपन होते. पाव्हण्याले वाढा. गावाच्या नाकाची गोठ हाय."

बैलांचे असे झाले की पोसलेली जोडी गावात एकच उरली होती, नत्थुजीची. कारकून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्याकडे समोरून जात, तेव्हा नत्थुजी ती जोडी मागच्या बोळाने पुढच्या गोठ्यात नेऊन बांधी. पहिल्या गोठ्यात शेंब्या घातलेल्या, दुसऱ्यात काढलेल्या, तिसऱ्यात पाठीवर झूल. कारकुनांनी तीन जोड्या लिहिल्या. त्या दिवशी लोक तोंडावर धोतराचा सोगा धरून हसले, आणि अर्जदारही हसला. शाळेतल्या मुलांकडून स्वागताच्या दोन आर्या त्यानेच म्हणवून घेतल्या होत्या. त्यांत निंबखेडला अलकापुरीची उपमा दिलेली होती. वृत्तात कोठे चूक नव्हती.

३. आता उत्तर का दिले नाही. यास सबळ कारण नाही, हे अर्जदार प्रथमच कबूल करतो.

खरे लिहावे तर गाव खोटे पडत होते. पाटलांचे नाक, मनकर्णाबाईचे तूप, मुलांच्या आर्या, सगळेच खोटे पडत होते. खोटे लिहावे तर हात होईना. अर्जदाराने मसुदे केले, एकंदर अकरा. पहिल्या मसुद्यात त्याने सुख म्हणजे काय याचा विचार केला, कारण साहेबांनी विचारलेला शब्द तोच होता. त्यासाठी घरच्या पोथ्या काढल्या. चार दिवसांनी अशी अडचण आली की शास्त्राप्रमाणे ज्याची इच्छा गेली तो सुखी, आणि निंबखेडात तर बऱ्याच जणांची जेवणाची इच्छाही गेलेली होती. पुढच्या मसुद्यांत आपणास गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार काय, हा प्रश्न आला. शेवटच्या मसुद्यांत अक्षराविषयी शंका आली. सरकारात जाणारा कागद, त्यावर शाईचा ठिपका असू नये असे वाटले. महिना उलटला त्या रात्री अर्जदारास गाढ झोप लागली. हे लिहिताना त्याला लाज वाटते, पण ते खरे आहे.

४. त्यानंतर जे झाले ते साहेबांच्या दप्तरात नाही, म्हणून लिहितो.

माघात पहिली सहा घरे अमरावतीस गेली. कॅम्पात कचेरी व बंगले उठत आहेत, रस्त्यांना खडी लागते, तिथे दगड फोडणाऱ्यास रोज हाती पैसा पडतो, ही बातमी वलगावच्या बाजारात आली होती. पुढे आणखी गेली. आजवर चौसष्ट घरांपैकी तेवीस घरांना कड्या आहेत. मनकर्णाबाईही मुलगा सहदेव, सून शकुन व तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन गेली. ती कॅम्पाजवळच्या खोपटांत श्रावणात हगवणीने वारली. नातू तिच्या आधी आठ दिवस गेला. तुपाने तो वाचला असता असे अर्जदार म्हणत नाही, कारण असे कोणास सांगता येईल? पण हा विचार त्याच्या मनातून जात नाही, आणि अर्ज खरा लिहायचा तर तोही लिहिला पाहिजे.

५. गेल्या पौषात अर्जदार अमरावतीस स्वतः गेला. या वयात व या स्वभावाच्या माणसाने कचेरीची पायरी चढणे सोपे नव्हते. तो दोनदा फाटकापर्यंत जाऊन परतला.

दोन दिवस शहर पाहिले. कापसाच्या बाजारात अडते रिकाम्या गाद्यांवर लोळत होते आणि तराजूच्या पारड्यात कबुतरे बसली होती. पण तेथून कोसभरावर, कॅम्पाच्या बाजूला, गाडी उभी करायला जागा मिळेना. विटांच्या भट्ट्या, चुन्याच्या घाण्या, नागपूरचे गवंडी, सुतारांची रांग. बंगल्यांच्या बागांना पखालींनी पाणी चालले होते. साहेब लोकांच्या हवाखोरीसाठी एक वाटोळा रस्ता तयार होत होता. तो जिथून निघतो तिथेच येऊन मिळतो. हलवायाच्या दुकानी पाच जण जिलबी तळत होते. अर्जदाराने भीत भीत त्यास विचारले की मंदीत धंदा कसा चालतो. तो म्हणाला, "मंदी? थे तिकडं वलगावच्या पलीकडं असन, बावा. इथं सरकार खर्च करून राह्यलं. आमाले त कापसाच्या सालापेक्षा बरं हाय."

अर्जदाराचा भाचा अकोल्यास असतो. तोही लिहितो की तिकडे तेच. बाजारात धूळ, आणि कचेरीच्या आवारात दिवाळी.

वाटोळ्या रस्त्यावर सहदेव खडी फोडताना भेटला. त्याने अर्जदारास ओळखून हातोडी खाली ठेवली. शकुन शेजारी पाटी भरत होती. तिने पदर ओढून घेतला. सहदेव म्हणाला, "पंतोजी, पोट भरते इथं, खोटं काहून सांगू? पन संध्याकाळी कोनाच्या दारी जाऊन बसावं, थे समजत नाही." मग त्याने विचारले, "आपला रस्ता होते का कधी? दगड त आपल्या नाल्यात बी हाय." याचे उत्तर अर्जदारापाशी होते, पण ते दप्तराच्या पत्राबरोबर फडक्यात बांधलेले होते.

६. तिसऱ्या दिवशी अर्जदार आपल्या दप्तरात पोचला. तेथील तरुण कारकून सभ्य होते; त्यांनी बसायला सांगितले व नोंदवही काढली. वहीत तीन सदरे आहेत: सुखी, मध्यम, मदतपात्र. ते म्हणाले, "आजोबा, निंबखेड धाकटे सुखीमध्ये आहे. सुखी गावाला मदतकाम देता येत नाही, नियम आहे." अर्जदाराने विचारले, सुखी कशावरून. ते म्हणाले, "पाहणीवरून. शिवाय आपल्या गावाकडून तक्रार नाही. विचारले होते, उत्तर आले नाही." नंतर त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितले की जिल्ह्याची स्थिती एकंदरीत चांगलीच आहे, कॅम्पात मजूर मुबलक येतात, खेड्यांतून लोक आपखुशीने येतात, आणि यावरून भरभराट सिद्ध होते, म्हणून पुढच्या सालीही खर्चाचा मोठा भाग कॅम्पातच व्हायचा आहे.

बोलण्याचे शब्द अर्जदारास नेहमी घरी पोचल्यावर सुचतात. ते असे होते: सहदेव निंबखेडातून गेला ही निंबखेडची भुकेची खूण, तोच सहदेव कॅम्पात पोचला की अमरावतीच्या भरभराटीची खूण कशी होते? एकच माणूस दोन गोठ्यांत बांधून दोनदा मोजला जात आहे. ही युक्ती अर्जदाराने पूर्वी पाहिली आहे व तिला तो हसलाही आहे. तसेच, जे गाव तक्रार करत नाही ते सुखी, असा नियम असेल, तर ज्या दिवशी निंबखेड बेचिराग होईल, म्हणजे तिथे दिवा लावायलाही माणूस उरणार नाही, त्या दिवसापासून जिल्ह्यात त्याच्याइतके सुखी गाव दुसरे नसेल.

वरील वाक्य उद्धट वाटल्यास ते खोडलेले समजावे.

७. सरकारने अमरावतीत खर्च करू नये असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्या खर्चावर आमची तेवीस घरे जगत आहेत. गावातली गंगूबाई माळीण वांगी-मिरचीचे वाफे करते. तिला हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा तिने जे म्हटले ते अर्जदाराच्या अकरा मसुद्यांत कोठे आले नव्हते. ती म्हणाली, "पान्याचा दोष नाही, पंतोजी. मोटेजवळचा वाफा आधी भिजते, थे त भिजनारच. पन पान्याचा दांड धरनाऱ्यानं उठून शेवटल्या वाफ्यापरेंत चालत जाले पायजे. बसल्या जागून समदंच हिरवं दिसते."

८. आता मुख्य विनंती व तिची निकड.

येत्या पाडव्यास, म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदेस, कॅम्पातल्या ठेकेदाराचा मुकादम निंबखेडास येणार आहे. आमच्याकडे सालाची बोली पाडव्याला होते. मुकादम पारावर विडे मांडतो. ज्याने विडा उचलला तो पुढच्या पाडव्यापर्यंत बांधला. कागद होत नाही, अंगठा घेत नाहीत, तरी उचललेला विडा कोणी परत ठेवल्याचे अर्जदाराने अडुसष्ट वर्षांत ऐकलेले नाही. उरलेल्या एकेचाळीस घरांपैकी तीस घरांनी विडा उचलायचे ठरवले आहे. पाटलांचे घरही त्यांत आहे. सर्वांत आधी गाव सोडू नये म्हणून ते आजवर थांबले होते. आता सर्वांत शेवटी राहू नये म्हणून निघतात. मागे राहतील ती अकरा घरे म्हाताऱ्यांची आहेत. पेरणीला माणूस नाही, गुरांमागे जायला माणूस नाही. दुसऱ्या पाडव्यापर्यंत ती घरेही राहतील असे दिसत नाही.

म्हणून साहेबांच्या ध्यानात आणून द्यायचे ते हे की, हुकूम पाडव्यानंतर एक दिवसाने आला तरी व्यर्थ आहे. अर्जदाराने पाटलांना विचारून पाहिले, की समजा विडा उचलल्यावर गावातच काम निघाले तर? ते म्हणाले, "मंग थे काम अमरावतीच्या लोकायले द्या. आमी तिकडं, थे इकडं. शब्द म्हंजे शब्द, पंतोजी. उपाशी राहता येते, पन उचलेल विडा खाली ठेवता येत नाही." ज्या अभिमानाने पाहणीच्या दिवशी गावाचा घात केला तोच अभिमान हा आहे. तो बाहेरून शहाणपणाचा दिसत नाही. पण गावापाशी दुसरे काही शिल्लक नाही, आणि हुकूम काढताना हे धरूनच काढला पाहिजे.

९. तरी विनंती की,
निंबखेड धाकटे हे गाव 'सुखी' या सदरातून काढून 'मदतपात्र' या सदरात घ्यावे;
खुंट्या ठोकलेल्या तीन कोस रस्त्याचे व नाल्यावरील फरशीचे काम पाडव्याच्या आत सुरू करण्याचा हुकूम व्हावा. काम मोठे नको. पहिली टोपली पाडव्याआधी पडली तरी माणसे थांबतील. मुकादमाला नाही म्हणायला त्यांना तेवढे निमित्त पुरे आहे.

उत्तर न देण्याबद्दल जो काही दंड असेल तो अर्जदाराच्या एकट्यावर बसवावा. गावाने पाहुणचार केला; पत्र गावास आलेले नव्हते, अर्जदारास आले होते.

उशिरा लिहिणारा, पण यापुढे न टाळणारा,
साहेबांचा आज्ञांकित
वामन केशव, पंतोजी
मौजे निंबखेड धाकटे
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १७८८, सोमवार, ता. ११ मार्च सन १८६७

सोबत:
(१) जावक नंबर २१७ च्या पत्राच्या उत्तराची नक्कल, एक पान. मूळ उत्तर वेगळ्या पाकिटातून येत आहे. जुन्या नंबराचे उत्तर दुसऱ्या कागदात मिसळले तर ते दप्तरास लागत नाही, असे आपल्या कारकुनांनी सांगितले होते.
(२) गावात असलेल्या एकेचाळीस घरांची यादी.
(३) गेलेल्या तेवीस घरांची यादी. वारलेल्यांची नावे वेगळ्या शाईने लिहिली आहेत.
(अकरा मसुदे जोडलेले नाहीत. त्यांचा उपयोग नाही.)

ताजा कलम. मंगळवार, वलगाव, डाकमुनशींच्या ओट्यावरून.

वरील अर्ज घेऊन अर्जदार आज सकाळी निघाला तेव्हा खुशालराव पाटील बरोबर आले. सांगितले नव्हते, पण पोथीचे फडके काखेत पाहून त्यांना कळले. नाल्यापाशी ते खाली बसले आणि म्हणाले, "वाचा. काय लिवलं थे ऐकू द्या मले."

अर्जदाराने अर्ज वाचला नाही, तो लांब आहे. उत्तर वाचले. ते असे: "निंबखेड धाकटे सुखी नाही. पाहणीच्या दिवशीही नव्हते. त्या दिवशी वाढलेले तूप बाळंतिणीचे होते. बैलजोडी एकच होती."

बैलजोडीच्या वाक्याला पाटलांच्या तोंडावर थोडे हसू आले आणि गेले. मग म्हणाले, "हेच तवा लिहाले पायजे होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "पन तवा तुमी हे लिवलं असतं त म्या तुमचे हात तोडले असते."

अर्जदाराने विचारले, मग आता पेटीत टाकू का. त्यांनी उत्तराचा कागद मागून घेतला, उलटासुलटा पाहिला आणि अर्जदाराच्या नावाखाली आपला अंगठा उमटवायला शाई मागितली. अर्जदाराने दौत बरोबर आणली होती. त्या पानावर आता एक मोठा ठिपका पडला आहे. घाईत शाई सांडली. तो तसाच राहू दिला आहे. कृपा करून त्यावरून कागद परत करू नये.

उत्तराचे पाकीट अर्जदाराने स्वतः पेटीत टाकले. डाकमुनशी म्हणतात, उद्या दुपारी ते अमरावतीस पोचेल. हा अर्ज त्याच थैलीत जात आहे. पाटील तेवढ्यात परत निघाले आहेत. नाल्याकाठच्या खुंट्या मोजून ठेवतो म्हणाले.

आजपासून पाडव्यास चोवीस दिवस आहेत.